फाटकाकडे तोंड

उमेश तांबवेकर सर कधी खोटं बोलत नाहीत, असं अख्खं कराड मानायचं आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. बत्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर गावोगाव हिंडून भानामती, करणी, अंगात येणं यांवर व्याख्यानं दिली. एकदा भर सभेत त्यांनी जाहीर करून टाकलं, "माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिका बघितली जाणार नाही. ज्याला बघायची असेल त्यानं माझ्या दारात यायचं नाही." पुढच्या रांगेतले दोन ज्योतिषी तेव्हा उठून गेले होते. आणि ह्याच माणसानं पत्रिकेच्या नावाखाली मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं. सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. सरांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

हे कसं घडलं ते कळायला आधी निघांक म्हणजे काय ते कळायला हवं.

गाड्या आपल्या आपण जागेवर लागायला लागल्या त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. त्याआधी गाडी उलटी लावायची म्हणजे मान मोडेस्तोवर मागं बघा, आरशात बघा, बायको खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणार आणि शेवटी भिंतीला ठोकर बसणार. खरं तर अरुंद जागेत उलटं शिरणंच सोपं. वळणारी चाकं पुढची असतात; त्यामुळं मागची बाजू एकदा जागेत गेली की तोंड पाहिजे तसं फिरवून घेता येतं. पण सोपं असलं म्हणून सगळ्यांना जमतंच असं नाही. त्यामुळं कोण सरळ लावतो आणि कोण उलटी, यावरून फार तर कुणाचा हात साफ आहे तेवढं कळायचं. आता मात्र सगळं यंत्रच करत होतं. जागेपाशी गेलं की पडद्यावर दोन चित्रं यायची, एक सरळ गाडीचं, एक उलट्या गाडीचं. माणसानं नुसतं बोट टेकवायचं.

एका संशोधन गटानं नेमकं इथंच बोट ठेवलं. उलटी लावायला यंत्रालाही चाळीस सेकंद जास्त लागतात. आता कौशल्याचा प्रश्न नाही, कष्टाचा नाही, मग काही माणसं आल्या आल्या ही चाळीस सेकंदं का देतात? कारण निघताना त्यांना ती द्यायची नसतात. म्हणजे पाऊल टाकायच्या आधीच त्यांच्या मनात निघणं असतं. त्यांनी याला आणखी खुणा जोडल्या. गाडी थांबल्यावर माणूस किती वेळ आतच बसून राहतो, जवळ सोय असताना चार्जिंगची केबल जोडतो की नाही, असल्या. चाळीस हजार माणसांची वर्षभर नोंद ठेवून त्यांनी एक आकडा काढला, शून्य ते शंभर. त्याचं नाव निर्गमनांक, लोकांच्या तोंडी निघांक. ज्यांचा ऑफिसातला निघांक नव्वदच्या वर, ती माणसं वर्षाच्या आत नोकरी सोडत. शंभरात चौऱ्याऐंशी वेळा हे बरोबर यायचं. कंपन्यांनी ते उचललं, शाळांनी उचललं, मग वधूवर मंडळंसुद्धा मागं राहिली नाहीत. कराड भागातली मोजणी तांबवेकर सरांकडे होती. चाचणीसाठी म्हणून त्यांनी एक कॅमेरा आपल्या घराच्या फाटकावरही बसवला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या फाटकातून निहार सावर्डेकरची गाडी आत आली. निहार चिपळूणच्या पलीकडं, खाडीकाठच्या एका रसायन कारखान्यात नोकरीला होता. कुमुदताई म्हणून सरांच्या लांबच्या बहीण लागत, त्यांनी स्थळ सुचवलेलं. ओवी आणि तो आधीच तीन-चारदा भेटले होते आणि ओवीनं आईच्या कानात सांगून टाकलं होतं, "मला चालेल." ओवी पशुवैद्य. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना जिचा श्वास हलत नाही, तिनं त्या दिवशी सकाळपासून तीनदा केस विंचरले होते. आज फक्त निहारच्या आईवडिलांनी घर बघायचं, आणि मोठ्यांचं बोलणं व्हायचं, एवढंच उरलं होतं.

सर खिडकीत उभे होते. गाडी अंगणात आली, थांबली, मग सावकाश फिरून उलटी लागली. तोंड फाटकाकडं. मग बराच वेळ कुणी उतरलंच नाही. अंगणात चार्जिंगची पेटी हाताशी होती, निहारनं तिच्याकडं पाहिलं आणि केबल तशीच ठेवली. पुढचे दोन तास मात्र झकास गेले. हसणं झालं, पोहे झाले, सरांची पत्नी मृणाल आणि निहारची आई यांचं मुगाच्या वड्यांवरून सूतही जुळलं. पाहुणे गेल्यावर सरांनी सहज म्हणून यंत्र उघडलं. आकडा एक्क्याण्णव.

त्या आकड्यापुढं ते तासभर बसून होते. पोर जन्माला घातली ती काय दोन वर्षांत परत दारात उभी राहायला? दुसऱ्या दिवशी त्यांनी कुमुदताईंना फोन केला. "आपल्याकडून नकार कळवा." ताईंनी कारण विचारलं. मशीनचा आकडा सांगावा, तर पाहुण्यांना न विचारता त्यांची मोजणी केली हे सांगावं लागलं असतं. सरांची जीभ अडखळली आणि पिढ्यान्‌पिढ्या अशा वेळी जे सांगायची पद्धत आहे तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "पत्रिका जमत नाही म्हणावं."

कुमुदताई म्हणाल्या, "बरं. तुझं तोंड, तुझे शब्द."

घरी सांगताना सरांनी ते उलटं करून सांगितलं. नकार त्यांच्याकडून आलाय, पत्रिकेचं निमित्त काढलंय. मृणाल चिडली. "एवढी शिकलेली माणसं, आणि पत्रिका?" ओवी दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "त्यानं स्वतः फोन करून सांगायला हवं होतं. मी काही रडले नसते." आणि ताटावरून उठली. सरांनी भात संपवला. त्यांना वाटलं, बसेल मागं, काळ हेच औषध. त्यानंतर ओवीनं कुठल्याच मुलाबद्दल स्वतःचं मत म्हणून दिलं नाही. ऑगस्टमध्ये साताऱ्याचं एक स्थळ आलं. मुलानं गाडी सरळ लावली, केबल जोडली, दोन मिनिटांत आत. निघांक चौदा. सर खूश. ओवीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." सप्टेंबरातल्या एका रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

त्या रविवारच्या आदल्याच दिवशी सरांना कोकणात जावं लागलं. खाडीकाठच्या एका कारखान्यानं निघांकाची यंत्रणा बसवली होती आणि आकडे भलतेच येत होते. सहाशे कामगार, सगळे नव्वदच्या वर. तीस वर्षं नोकरी झालेला फोरमन शहाण्णव. ज्यानं यंत्रणा मागवली तो व्यवस्थापक स्वतः त्र्याण्णव. कॅमेरे बिघडलेत की काय ते बघायला सरांना बोलावलं होतं. निहार त्याच भागात आहे हे सरांना माहीत होतं, पण तिथं कारखाने काय एक-दोन आहेत? भेटतोय कुठला, असं म्हणून ते सकाळी सहालाच कुंभार्ली घाटाला लागले.

फाटकाशी पोचल्यावर त्यांनी पडद्यावर सरळ गाडीच्या चित्राला बोट लावलं. पहारेकरी धावत आला. "साहेब, उलटी लावा. हितं सरळ चालत न्हाय." सरांनी मान वर करून पाहिलं. तीनशे गाड्या रांगेनं उभ्या, एकूण एक तोंड फाटकाकडं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी पंधरा मिनिटं सुरक्षेची माहिती ऐकावी लागत होती. ती सांगायला जो माणूस आला, तो निहार होता.

"या सर," तो म्हणाला. ना आवाजात अढी, ना नजरेत प्रश्न. समोरच्या टँकरवाल्यांना आणि ठेकेदारांना त्यानं भोंग्याचे आवाज, वाऱ्याची दिशा, जमायची जागा सगळं समजावलं. मग कॅमेरे दाखवायला सरांना घेऊन तो गाड्यांच्या रांगांतून चालू लागला.

"कॅमेरे ठीक आहेत सर. आमचा नियमच आहे उलटी लावायचा. तो तुमच्या मशीनला कुणी सांगितला नसेल."

"कारण काय याचं?" सरांनी विचारलं. हा प्रश्न विचारायला त्यांना सात महिने लागले होते.

"अकरा वर्षांपूर्वी इथं वायू गळला. तेव्हा सगळे सरळच लावायचे. भोंगा झाला तसे सगळे गाड्यांकडं धावले आणि सगळ्यांनी एकदमच मागं घ्यायचं बटण दाबलं. मागं माणूस दिसला की यंत्र गाडी थांबवतं. ते बरोबरच आहे. पण त्या वेळी मागं माणसंच माणसं होती ना. चौदा मिनिटं एक गाडी जागची हलली नाही. बाबाही तेव्हा इथंच कामाला, तिसऱ्या रांगेत होते. कुणी गेलं नाही, एवढं नशीब. पण बाबांची छाती गेली ती गेलीच. तुमच्याकडं आलो तेव्हा घाटातल्या हवेनं त्यांना धाप लागलेली. म्हणाले, जरा बसू दे, धापा टाकत लोकांच्या दारात कसं जायचं. म्हणून गाडीतच बसलो होतो आम्ही."

गाडीत बसून राहिल्याची ती सहा मिनिटं वीस सेकंदं सरांना आठवली. यंत्रानं त्या नोंदीपुढं लिहिलं होतं, प्रवेशास अनिच्छा.

"अवघड काम डोकं शांत असताना करून ठेवायचं, एवढंच आहे हे," निहार म्हणाला. "निघताना हात थरथरणारच असं धरून चालायचं. आता सवयच झालीय. तुमच्या अंगणातसुद्धा बोट तिकडंच गेलं. बाबा म्हणालेही, अरे, सोयरिकीला आलोय, पळून जायचंय का तुला?" तो हसला. "सर, तुमची गाडी चार्जिंगला लावू? घाट उतरून आलात, जाताना चढायचाय. आमच्यात पाहुणा आपणहून दुसऱ्याच्या विजेला हात लावत नाही, म्हणून मीच विचारतो."

तिसरी खूणही गेली. चौऱ्याऐंशी वेळा बरोबर म्हणजे सोळा वेळा चूक, हे पोरांना फळ्यावर शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात ते सोळा दिसले नव्हते. समोरच्या त्या पोराच्या तोंडाकडं सरांना बघवेना.

रांगेच्या टोकाशी आल्यावर निहार हळूच म्हणाला, "सर, तुमचा निरोप मिळाला होता. पत्रिकेचा. आई म्हणाली, ते सर तर पत्रिकेविरुद्ध भाषणं देतात. म्हणजे मुलीला पसंत नसेल आणि त्यांना सरळ सांगणं जड जात असेल. म्हणून मग मी ओवीला फोन केला नाही. उगाच तिला अवघडल्यासारखं व्हायचं. बरी आहे ना ती?"

"बरी आहे," सर म्हणाले.

बोलायचं ते तिथंच बोलायला हवं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, वेळ होता, पोरानं स्वतःहून विषय काढला होता. पण आयुष्यभर ताठ मानेनं वावरलेल्या माणसाला मान खाली घालायची सवय नसते. सरांनी कॅमेऱ्यांच्या नोंदी तपासल्या, सहीशिक्का केला, चहा घेतला, त्या पोरानं चार्ज करून दिलेल्या गाडीत बसले आणि निघाले. घाटात दोनदा गाडी थांबवून त्यांनी फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

चारच्या सुमाराला ते घरी पोचले. मृणाल उद्याच्या पाहुण्यांसाठी डिंकाचे लाडू वळत होती. ओवी नुकतीच कुठल्याशा म्हशीचं बाळंतपण उरकून आली होती आणि मागच्या नळावर बसून गमबूट धूत होती. सर तसेच चपला न काढता मागं गेले.

"ओवी, निहारकडून नकार आला नव्हता," ते म्हणाले. "मी दिला होता."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅमेरा, आकडा, कुमुदताईंना केलेला फोन, पत्रिका, आणि आज सकाळी काय काय ऐकलं ते. कुठं थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुढचं सांगवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मृणाल दारात येऊन उभी राहिली, हाताला तूप तसंच.

"मी निहारच्या आईला चार घरांत नावं ठेवली," मृणाल म्हणाली. "सावर्डेकर म्हणजे बुरसटलेले, बरं झालं सुटलो, असं म्हणाले. तुमच्या तोंडावर म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत."

ओवीनं बूट खाली ठेवला. "किती आला होता त्याचा आकडा?"

"एक्क्याण्णव."

"आणि उद्याच्या मुलाचा?"

"चौदा."

"म्हणून तो तुम्हाला पसंत." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानंच सरांना जास्त लागलं. "त्यापेक्षा गुरुजी परवडले असते बाबा. ते निदान मुलाची जन्मवेळ तरी विचारतात. तुम्ही त्याला काही म्हणजे काहीच विचारलं नाहीत. दोन तास तो तुमच्यासमोर बसला होता. गाडी अशी का लावलीस रे, एवढं विचारायला काय लागलं असतं?"

कुणी दुसऱ्या बापानं असं केलं असतं तर सरांनी त्यावर एक सबंध व्याख्यान दिलं असतं.

"मी सात महिने समजत होते की मी त्याला नको झाले," ओवी म्हणाली. "आणि तो तिकडं समजतोय की मला तो नको होता. बरं झालं ना मग, दोघांचंही. आता त्याला फोन लावा. मी नाही लावणार. तुम्ही लावायचा, माझ्यासमोर, आवाज मोठा ठेवून. आणि मला सांगितलंत तेच सांगायचं. काही गाळायचं नाही."

"आज? उद्याचं आधी—"

"उद्याचं होणार नाही. तेही तुम्हीच कळवाल. पण हा फोन आधी."

निहारनं लगेच उचलला. "बोला सर. घाटात त्रास नाही ना झाला?"

सर बोलले. बत्तीस वर्षं वर्ग गाजवणाऱ्या त्या आवाजाला मधेच पाणी प्यावं लागलं.

"सर," सगळं ऐकून झाल्यावर निहार म्हणाला, "सकाळी दोन तास आपण बरोबर होतो."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," सर म्हणाले.

"मला वाटत होतं, लाज मलाच वाटायला पाहिजे. सात महिने विचार करतोय, माझं काय चुकलं त्या दिवशी. मी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले होते. पहिल्यांदा गेलेल्या घरी असं मागायचं नसतं. तेच भोवलं, असं धरून बसलो होतो. आईला एकदा विचारलंसुद्धा, फार वाईट दिसलं का गं ते."

ओवीनं नळ बंद केला. ओढणीला हात पुसले आणि एक हात पुढं केला. सरांनी फोन तिच्या हातात दिला.

"बाबा, तुम्ही आत जा," ती म्हणाली.

दारातून मृणाल बाजूला सरकली, त्यांच्याकडं न बघता. सर आत येऊन खुर्चीत बसले. मागून ओवीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मृणालनं हात धुतले, लाडवांच्या परातीवर झाकण घातलं आणि समोर येऊन उभी राहिली.

"साताऱ्याला काय सांगणार?"

"खरं ते सांगेन," सर म्हणाले.

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं म्हटलं की ती मान हलवून आपल्या कामाला लागायची. आज तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. "ओवीचं बोलून झालं की माझ्यासमोर फोन लावा," ती म्हणाली. "मी इथंच बसते."